जांघेतला हर्निया अडकल्यानंतर शस्त्रक्रियेचे पर्याय कशावर ठरतात?

सांजसावली

माझ्या वडिलांच्या उजव्या जांघेत बऱ्याच वर्षांपासून हर्निया आहे. आडवे झाले की गाठ आपोआप आत जात असे, म्हणून शस्त्रक्रियेचा विषय दरवेळी पुढे ढकलला गेला. काल मात्र ती आत जाईना, कडक झाली आणि बरीच दुखू लागली. रुग्णालयात सर्जननी वेदनाशामक व गुंगीचे औषध दिले, पलंगाची पायाकडची बाजू उंच केली आणि बराच वेळ हलक्या हाताने दाब देत गाठ आत बसवली. आता वेदना थांबल्या आहेत, पण त्यांना दाखल करून ठेवले आहे आणि याच मुक्कामात शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, असे सर्जनचे म्हणणे आहे.

उघड्या पद्धतीने जाळी बसवणे, दुर्बिणीतून जाळी बसवणे आणि गरज पडल्यास जाळीशिवाय नुसत्या टाक्यांनी दुरुस्ती करणे, असे तीन पर्याय त्यांनी सांगितले आहेत. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे आणि हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू आहेत. गाठ आत गेलेली असताना थांबता येणार नाही का, आणि थांबता येत नसेल तर या तिन्हींतला पर्याय नेमका कशावरून निवडायचा, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

पाऊलवाट

हृदयविकार असलेल्या माणसाला घाईने भूल देण्याआधी दोनदा विचार करावा, असे मला वाटते. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हर्निया असलेल्या पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या गटावर फक्त लक्ष ठेवले. लक्ष ठेवलेल्या गटात हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण हजार रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे हजार जणांवर वर्षभर लक्ष ठेवले तर) सुमारे १.८ इतकेच निघाले. गाठ आत गेली आहे, दुखत नाही, तर आधी हृदयाच्या सगळ्या तपासण्या शांतपणे करून घेऊन नंतर ठरवले तर काय बिघडेल?

शल्यकर्मी

पाऊलवाट, अभ्यास खरा आहे, पण तो ज्यांना त्रास जवळजवळ नव्हता आणि ज्यांचा हर्निया सहज आत जात होता, अशा पुरुषांचा होता. ज्याचा हर्निया एकदा अडकून बसला आहे, तो रुग्ण त्या गटात बसत नाही. शिवाय लक्ष ठेवलेल्या त्याच रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला तेव्हा दहा वर्षांत सुमारे ६८ टक्के लोकांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली असे दिसले, आणि त्याचे मुख्य कारण वाढत गेलेले दुखणे हे होते.

मी शल्यचिकित्सक आहे. सांजसावलीताईंच्या वडिलांना न तपासता त्यांच्यासाठी पर्याय निवडणे मला योग्य वाटत नाही, पण निर्णयाची रीत सांगू शकतो. अडकलेल्या हर्नियाच्या तीन अवस्था असतात आणि बोलताना त्या एकमेकींत मिसळल्या जातात. पहिलीत गाठ आत जात नाही, एवढेच. दुसरीत आत सापडलेल्या आतड्याचा मार्ग बंद होतो; पोट फुगते, उलट्या होतात, वायू सरत नाही. तिसरीत त्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. आतड्यातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा आधी दाबल्या जातात, रक्त आत येत राहते पण परत जात नाही, म्हणून आतडे सुजते, सुजल्यामुळे छिद्र आणखी आवळते आणि शेवटी धमनीही बंद पडते. हे सगळे काही तासांत घडू शकते.

म्हणून गाठीवरची त्वचा लाल झाली असेल, ताप असेल, नाडी जलद असेल किंवा गाठीला स्पर्शही सहन होत नसेल, तर ती हाताने आत ढकलायची नसते. सरळ शस्त्रक्रियागृहात न्यायचे असते. मृत आतडे पोटात ढकलले गेले तर आजार झाकला जातो आणि विष पोटभर पसरते. सांजसावलीताईंच्या वडिलांना यांपैकी काही नव्हते, म्हणूनच सर्जननी तो प्रयत्न केला असणार.

यश आल्यावरही दाखल करून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. क्वचित असे होते की हर्नियाची पिशवी, म्हणजे पोटाच्या आवरणाचा बाहेर आलेला भाग, तिच्या आवळलेल्या तोंडासकट आत सरकते. बाहेरून गाठ नाहीशी झालेली दिसते, पण आतडे त्याच फासात राहते. त्यामुळे पुढचा दिवसभर पोट पुन्हा पुन्हा तपासायचे, दुखणे किंवा उलटी परतली तर सीटी स्कॅन करायचा आणि थांबायचे नाही.

अबोलीचीफुले

हेच वाचून मला माझ्या आईचे आठवले, म्हणून लिहिते. तिला सतत उलट्या होत होत्या आणि पोटात कळा येत होत्या. ज्यांनी तिला प्रथम पाहिले त्यांनी पित्त झाले आहे असे समजून औषध दिले. आई शिडशिडीत होती, आणि जांघेच्या घडीच्या खाली सुपारीएवढी गाठ होती, पण ती कोणी पाहिली नाही आणि संकोचामुळे आईने दाखवलीही नाही. दुसऱ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरबाईंनी पांघरूण बाजूला करून जांघ तपासली तेव्हा तो फीमोरल हर्निया असल्याचे कळले. तोवर आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता. तो कापून टोके जोडावी लागली आणि संसर्गाच्या भीतीने जाळी न बसवता छिद्र टाक्यांनी बंद केले. आई बरी झाली. वयस्कर बाईला उलट्या होत असतील तर जांघ उघडी करून पाहा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

शल्यकर्मी

अबोलीताई, हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे झाले. जांघेच्या घडीच्या वर येतो तो इंग्वायनल हर्निया. स्त्री असो वा पुरुष, दोघांतही तोच अधिक आढळतो. घडीच्या खाली, मांडीच्या मोठ्या शिरेला लागून येतो तो फीमोरल, आणि तो स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो. त्याचे छिद्र अरुंद असते आणि कडा ताठर अस्थिबंधांच्या असतात, त्यामुळे एकदा आत काही शिरले की ते सहजासहजी सुटत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता फीमोरल हर्नियात तीन महिन्यांत २२ टक्के आणि एकवीस महिन्यांत ४५ टक्के निघाली होती. इंग्वायनल हर्नियात तीन महिन्यांचा आकडा २.८ टक्के होता. फीमोरल हर्नियाचे निदान झाले की तो दुखत नसला तरी थांबू नये, असे म्हणतात ते याचमुळे.

त्यात आणखी एक फसवा प्रकार असतो, रिश्टरचा हर्निया. आतड्याचा पूर्ण वेढा न अडकता भिंतीचा एक भागच छिद्रात सापडतो. आतड्याचा मार्ग उघडा राहतो, शौचालाही होते, आणि तो पकडलेला भाग मात्र आत मरत असतो. फीमोरल हर्नियात हा प्रकार अधिक दिसतो.

त्यावरच्या शस्त्रक्रियेचे मार्गही वेगळे आहेत. घडीच्या खालून छेद घेणे सोपे असते, पण आतडे कापण्याची वेळ आली तर तिथे हात चालवायला जागा नसते. म्हणून आतडे धोक्यात असल्याची शंका असेल तर वरून, पोटाच्या आवरणाबाहेरच्या जागेतून जाणारा मॅकईव्हेडीचा छेद अनेक सर्जन पसंत करतात, कारण त्यातूनच पोट उघडता येते. छिद्राच्या आतल्या कडेचा अस्थिबंध कापून जागा करताना, काही माणसांत त्याच्या मागून एक वाट चुकलेली धमनी जाते, तिला जपावे लागते.

मृगधारा

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. आतडे जिवंत आहे की नाही हे कसे ठरवतात, याची पुष्कळांना कल्पना नसते, म्हणून जे रोज पाहते ते लिहिते. पिशवी उघडली की आधी आतला द्रव पाहिला जातो. तो स्वच्छ, पिवळसर असेल तर सगळ्यांनाच हायसे वाटते. काळपट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर आतडे कापण्याच्या तयारीला मी न सांगताच लागते. आवळलेले कडे कापण्याआधी सर्जन आतडे हलकेच धरून ठेवतात, नाहीतर फास सुटताच ते न तपासताच पोटात निसटते.

फास सुटल्यावर आतडे बहुधा जांभळे असते. त्यावर कोमट सलाईनमध्ये भिजवलेले मोठे कापडी पॅड ठेवायचे, भूलतज्ज्ञ प्राणवायू वाढवतात आणि मग काही मिनिटे कोणी काहीच करत नाही. पॅड उचलल्यावर जांभळा रंग उतरून गुलाबी झाला का, पृष्ठभागावर चकाकी आली का, बोटाने हलकेच टिचकी दिल्यावर आकुंचनाची लाट पुढे सरकते का आणि आतड्याच्या पडद्यातली नाडी लागते का, हे पाहतात. सर्वांत जास्त वेळ जातो तो आवळल्याच्या पांढुरक्या रेषेवर, कारण मधला भाग सुधारतो आणि नेमकी ती रेषा दगा देते. शंका उरली तर पुन्हा पॅड ठेवायचे. काही ठिकाणी आता शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य देऊन विशेष कॅमेऱ्याने रक्तप्रवाह पाहतात, पण मूळ परीक्षा डोळ्यांचीच आहे.

उत्तरवारा

मृगधाराताई, प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला आणि आदरही वाटला.

माझा प्रश्न जाळीबद्दल आहे. शरीरात कायमची परकी वस्तू ठेवायची, ती दुखत राहते, तिला संसर्ग झाला तर काढावी लागते, असे मी बरेच वाचले आहे. बॅसिनी यांनी १८८७ मध्ये आपली टाक्यांची पद्धत मांडली, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लोक जाळीशिवायच बरे होत होते ना? शोल्डाइसची, थरांवर थर शिवण्याची पद्धत आहे, डॉ. देसारडा यांनी २००१ मध्ये मांडलेली, रुग्णाच्याच स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी वापरण्याची पद्धत आहे. अडकलेल्या हर्नियात तर संसर्गाचा धोका आधीच जास्त. तिथे जाळी टाळणेच शहाणपणाचे नाही का?

शल्यकर्मी

प्रश्न रास्त आहे. बॅसिनींच्या पद्धतीत स्नायू ओढून खालच्या अस्थिबंधाला शिवतात. ओढलेल्या ऊती ताणाखाली राहतात आणि पुष्कळ हर्निया पुन्हा उद्भवतात. लिश्टेनस्टाइन यांनी १९८०च्या दशकात ताण न देता छिद्रावर जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली, ती याच अडचणीतून. अडकलेल्या हर्नियात ऊती सुजलेल्या आणि ठिसूळ असतात, म्हणजे ताणाखाली घातलेले टाके तिथे आणखीच कमी भरवशाचे. शोल्डाइसची पद्धत टाक्यांच्या पद्धतींत सर्वांत चांगली मानली जाते, पण ती नियमित करणाऱ्याच्या हातची आहे. वर्षातून एखाद्या वेळी ती करणाऱ्याकडून तसे निकाल मिळत नाहीत. देसारडा पद्धतीचे निकाल चांगले आल्याचे अभ्यास आहेत, मात्र ते मुख्यतः ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचे आहेत. दीर्घकाळच्या दुखण्याचे म्हणाल, तर ते जाळीशिवायही होते, कारण त्याचे मूळ बहुतेकदा जांघेतल्या तीन नाजूक मज्जातंतूंच्या इजेत असते.

राहिला संसर्ग. वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जखम किती मलिन झाली आहे यावरून पायऱ्या पाडल्या आहेत. आतडे जिवंत आहे आणि कापावे लागले नाही, तर कृत्रिम जाळी वापरावी. आतडे कापून जोडले, पण त्यातला मळ सांडला नाही, तरीही ती वापरता येते. आतडे फुटून पू किंवा मळ पसरला असेल, तर लहान छिद्र टाक्यांनी बंद करावे, आणि टाके घालणे शक्यच नसेल तर प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या जाळीचा विचार करावा. दुसऱ्या पायरीवर सर्जनांत मतभेद आहेत आणि आतडे कापल्यावर कृत्रिम जाळी टाळणारे अनुभवी सहकारी मला माहीत आहेत. मी त्यांना चूक म्हणणार नाही. पहिल्या पायरीवर मात्र, केवळ हर्निया अडकला होता म्हणून रुग्णाला जाळी नाकारणे मला पटत नाही.

जुनेपान

मलिनतेचा मुद्दा निघाला आहे म्हणून इतिहासातली एक नोंद देतो. क्लॉडियस अम्यांड यांनी १७३५ मध्ये लंडनमध्ये अकरा वर्षांच्या मुलाच्या जांघेतल्या हर्नियावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा पिशवीत अपेंडिक्स सापडले, आणि त्याला एका टाचणीने भोक पाडले होते. त्यांनी ते काढले. यशस्वीपणे अपेंडिक्स काढल्याची ती पहिली नोंद मानतात. भुलीचा शोध लागायला तेव्हा शंभरांहून अधिक वर्षे बाकी होती. हर्नियात अपेंडिक्स असेल तर त्याला आजही अम्यांडचा हर्निया म्हणतात, आणि निर्णय वर सांगितलेल्या रीतीनेच होतो: अपेंडिक्स निरोगी असेल तर ते सहसा आत ठेवून जाळी बसवतात, सुजलेले असेल तर काढतात आणि बहुधा जाळी टाळतात.

कवडसा

मुलांमध्येही जाळी बसवतात का? माझ्या भाचीला, तान्हीला, जांघेत गाठ आहे, आणि हा धागा वाचून काळजी वाटू लागली आहे.

शल्यकर्मी

नाही. बाळांमध्ये स्नायू कमकुवत नसतात. जन्माआधी बंद व्हायला हवी होती ती नळी उघडी राहिलेली असते. ती पिशवी मुळाशी बांधून कापली की काम होते, जाळी लागत नाही. अडकलेली गाठ बाळांमध्ये बहुतेक वेळा हाताने आत जाते, आणि सूज उतरायला एक-दोन दिवस देऊन शस्त्रक्रिया करतात. मुलींमध्ये पिशवीत बीजकोश सापडण्याची शक्यता असते, त्यामुळे भाचीला बालशल्यचिकित्सकांना लवकर दाखवावे. गाठ कडक झाली आणि बाळ रडायचे थांबेना, तर त्याच घटकेला न्यावे.

निळाई

दुर्बिणीविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. दुखणे कमी, जखमा लहान, आणि दुसऱ्या बाजूचा लपलेला हर्नियाही त्याच वेळी सापडला. अडकलेला असो वा नसो, आजच्या काळात उघडी शस्त्रक्रिया का करावी?

शल्यकर्मी

अडकलेल्या हर्नियात दुर्बिणीचा मोठा फायदा तुम्ही लिहिलेल्या फायद्यांहून वेगळाच आहे. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि अडकलेले आतडे कधीकधी छेद घेण्याआधीच आत निसटते. मग ते जिवंत होते की नाही हे कळायला मार्ग राहत नाही. पोटात दुर्बीण असेल तर ते शोधून तपासता येते. ज्या पद्धतीत दुर्बीण पोटाच्या पोकळीत जाते, त्या टॅपमध्ये हे जमते. टेप या दुर्बिणीच्या दुसऱ्या पद्धतीत सारे काम आवरणाच्या बाहेरून होत असल्यामुळे आतडे दिसतच नाही. उघड्या शस्त्रक्रियेतही एक युक्ती आहे: हर्नियाच्या पिशवीच्या तोंडातूनच दुर्बीण आत घालायची आणि निसटलेले आतडे पाहायचे.

पण पोट फुगलेले असेल तर आत जागा नसते, आणि सुजलेले आतडे पकडताना फाटू शकते. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात पोटात वायू भरणेही धोक्याचे असते. त्यामुळे अशा वेळी टॅप सराईत हातांनीच करावी, आणि त्या रात्री उपलब्ध असलेला सर्जन उघड्या पद्धतीत सराईत असेल, तर रुग्णाच्या हिताची तीच पद्धत होय.

धुकेरीपहाट

भूलतज्ज्ञ म्हणून लिहितो, कारण सांजसावलीताईंच्या वडिलांच्या बाबतीत निम्मा निर्णय इथे ठरतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला साधारणतः पूर्ण भूल लागते. उघडी शस्त्रक्रिया कण्यातल्या भुलीखाली होते, आणि आतडे मृत असल्याची शंका नसेल तर केवळ जांघ बधिर करूनही होते. रक्त पातळ ठेवणारी औषधे सुरू असताना कण्यात सुई घातली, तर आत रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. नुसती अॅस्पिरिन सहसा आड येत नाही. क्लोपिडोग्रेल काही दिवस आधी थांबवावी लागते, वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) उतरल्याची खात्री करावी लागते, नव्या गोळ्यांना प्रत्येकीची वेगळी मुदत आहे. हृदयात स्टेंट असेल तर गोळी थांबवण्याचाही धोका असतो, म्हणून कोणतीही गोळी घरच्यांनी स्वतःहून बंद करू नये. औषधाचे नाव आणि शेवटची मात्रा कधी घेतली, एवढे मात्र अचूक सांगावे.

ज्यांचे आतडे तुंबले आहे त्यांच्या जठरात बराच द्रव साठलेला असतो आणि भूल देताना तो फुफ्फुसात जाऊ शकतो. म्हणून आधी नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात. नातेवाइकांना ती नळी छळ वाटते, पण तिने जीव वाचतात.

पाऊलवाट

शल्यकर्मी आणि धुकेरीपहाट, दोघांचेही आभार. २००६ चा अभ्यास मी या रुग्णाला लागू करत होतो, ते मागे घेतो. तरीही मूळ मुद्दा राहतोच की हृदयाची तपासणी शस्त्रक्रियेआधी व्हायला हवी.

धुकेरीपहाट

नक्कीच व्हायला हवी. गाठ हाताने आत गेल्यामुळे मिळालेला वेळ त्यासाठीच वापरायचा असतो. सूजही त्याच काळात उतरते. आतडे मरत असताना मात्र इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) थांबत नाहीत.

सांजसावली

सर्वांचे मनापासून आभार. आज सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्याशी एकत्र बोलणे झाले, आणि या धाग्यामुळे नेमके प्रश्न विचारता आले. वडिलांचा हर्निया इंग्वायनल आहे. रात्रभरात पोट मऊ राहिले, उलटी नाही, इको झाला. क्लोपिडोग्रेल सुरू असल्यामुळे कण्यातली भूल टाळून, जांघ बधिर करून, उघड्या पद्धतीने जाळी बसवायचे ठरले आहे. आतडे खराब दिसले तर पूर्ण भूल देऊन पोट उघडण्याची तयारी ठेवणार आहेत. संमतिपत्रात आतडे कापण्याचा, जाळी न बसवण्याचा आणि क्वचित वृषण काढावे लागण्याचा उल्लेख आहे. हा शेवटचा उल्लेख वाचून वडील अस्वस्थ झाले आहेत.

शल्यकर्मी

योग्य निर्णय वाटतो. वृषणाचा रक्तपुरवठा त्याच मार्गाने जातो. हर्निया फार वेळ आवळून बसला तर वृषणालाही इजा होऊ शकते, म्हणून तो उल्लेख करतात. गाठ आत गेली आहे आणि वृषणात दुखणे नाही, तर तशी वेळ येण्याची शक्यता अगदी कमी आहे, हे वडिलांना सर्जनच्याच तोंडून ऐकवा. त्यांना त्याने जास्त धीर येईल.

सांजसावली

शस्त्रक्रिया झाली. पिशवीत फक्त स्वच्छ द्रव होता, पिशवीच्या तोंडातून दिसलेले आतडे गुलाबी होते, जाळी बसवली. संध्याकाळी वडील धरून चालले. आज अंडकोश आणि आजूबाजूची त्वचा काळी-निळी दिसते आहे. हे काळजीचे आहे का?

मृगधारा

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांना असा काळानिळा रंग पुष्कळदा येतो आणि एक-दोन आठवड्यांत पिवळा पडून जातो. अंडकोशाखाली मऊ टॉवेलची घडी ठेवली की ओढ कमी होते. सूज झपाट्याने वाढून घट्ट झाली, जखमेतून पू किंवा ताजे रक्त आले, ताप आला, वृषण एकदम दुखू लागले किंवा लघवी अडली, तर लगेच कळवा. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून औषध मागून घ्या, आणि क्लोपिडोग्रेलची पुढची गोळी कधी द्यायची हे घरी निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.